विमानाचे दोन मालक

३ मार्च, मंगळवार

विमान विकायचं ठरलं. बाबा जाऊन चार महिने झाले, आणि त्यांचं ते एका इंजिनाचं, दोन सीटचं विमान हँगरमध्ये धूळ खातंय. दातांच्या एका डॉक्टरांना हवंय. आई म्हणाली, "विकून टाक ती ब्याद." भाजी निवडताना वर पाहिलंसुद्धा नाही.

५ मार्च, गुरुवार

नोंदणी कचेरीत दोन तास. खिडकीतल्या बाईंनी शेपटीवरचा नंबर टाकला, चष्मा वर सरकवला. "मालक दोन आहेत. दुसऱ्यांची सही लागेल."

दुसरं नाव आईचं! माहेरच्या आडनावासकट.

चूक असेल म्हटलं. बाई म्हणाल्या, "चूक कसली? तुमच्या घरात आलं त्या दिवसापासून दोन्ही नावं आहेत."

घरी येऊन विचारलं. "असेल," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

६ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांना विमानाचा पूर्वेतिहास हवा होता. हँगरमधल्या मेकॅनिककाकांनी कपाटातून लॉगबुकं काढून दिली. विमान आधी फ्लाइंग क्लबचं, शिकाऊ लोकांसाठीचं. मग आमचं. वैमानिक — आई. पानामागून पान आईच. शेवटचं उड्डाण मी दीड वर्षाची असतानाचं. पुढे एकही नाही.

"मग बाबा दर रविवारी यायचे ते?"

"त्यांना उडवता कुठं येत होतं?" काका म्हणाले. "यायचे, वीस मिनिटं इंजिन चालवायचे, काचा पुसायचे, जायचे. म्हणायचे, उद्या तिला वाटलं तर गाडी तयार हवी."

आणि घरी सांगायचे, ढगांवरून जाऊन आलो. मी शाळेत केवढ्या फुशारक्या मारल्या होत्या.

७ मार्च, शनिवार

बाबा कधी उडालेच नाहीत, हे आईला सांगावं की नाही? धीर झाला नाही.

८ मार्च, रविवार

सांगितलं.

ती टेबलावरचा न पडलेला डाग पुसत राहिली. मग बोलली. "इंजिन हवेत बंद पडलं होतं. शेतात उतरवलं. ओरखडाही नाही. पण खाली येईपर्यंत तूच डोळ्यांसमोर. त्यानंतर पाऊलच उचलेना. ह्यांना म्हटलं, तुम्ही शिका, तुम्ही उडवा. हो म्हणाले."

फडकं झटकून म्हणाली, "रविवारी मी खिडक्या लावून घ्यायचे. वाटायचं, हे वर आहेत आणि मी इथं भांडी घासतेय. जळायचे गं मी त्यांच्यावर."

मला बाबांचा रागच आला. एकदा नुसतं 'चल' म्हणायला काय झालं होतं? पण हिनं तरी कुठं विचारलं! छत्तीस वर्षं एका ताटात जेवत होती दोघं.

सहीचा कागद तिच्यापुढे ठेवून झोपायला आले.

९ मार्च, सोमवार

आई घरात नाही. कागद कोराच. आत्ता मेकॅनिककाकांचा फोन — "तुमच्या आई वैमानिकाच्या सीटवर बसल्यात. इंजिन सुरू करू का, विचारतायत."