वहिनी, दादाचा रिपोर्ट आलाय

सौ. वहिनींना,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (पत्रात अजून काय काय लिहितात ते मला येत नाही, तो धडा यायच्या आधीच मी शाळा सोडली.) तुमची तब्येत कशी आहे? तुमच्या आईंचे गुडघे कसे आहेत? आम्ही इकडे ठीक, म्हणजे आई ठीक आहे आणि आम्ही दोघं भाऊ वेळेवर जेवतो. मागच्या आठवड्यात तुम्हाला तीन फोन आले आणि पलीकडून कुणी बोललंच नाही, तो मीच. तुम्ही हॅलो म्हणालात की माझी वाचाच बसायची. म्हणून लिहितोय. विषय असा आहे की लिहितानाही कान तापलेत, तेव्हा पत्र एकटीनेच वाचा.

तुम्ही माहेरी गेल्यापासून दादा दुकानात नुसता किल्ल्या घासत बसायचा. (लोकांची कुलुपं दोन मिनिटांत उघडणारा माणूस, स्वतःचं तोंड उघडायला त्याला पाच वर्षं लागली.) तुम्ही निघालात त्या दिवशी आई जेवताना मुलाबाळावरून तुम्हाला बोलली, तुम्ही दादाकडे बघितलं आणि तो ताटातच बघत राहिला, ते मी पाहिलं होतं. मग दोनेक महिन्यांपूर्वी त्याने भर दुपारी शटर ओढलं आणि मला म्हणाला, चल, डॉक्टरकडे जायचंय, मला एकट्याला जमणार नाही. मला वाटलं दाढ दुखतेय. पण तो पुरुषांच्या तक्रारींचा दवाखाना निघाला. बाकावर सगळे जण खाली मान घालून बसलेले, जणू सगळ्यांचंच काहीतरी फरशीवर सांडलंय. डॉक्टर मात्र भाजीचा भाव विचारावा तसे सगळं विचारत होते. दादाने त्यांच्याकडे न बघता टेबलावरच्या पेपरवेटला सांगितलं की त्या वेळी सगळं नेहमीसारखं वाटतं, पण बाहेर काहीच येत नाही, आणि नंतरची लघवी गढूळ होते. डॉक्टर म्हणाले, मग इतकी वर्षं आला का नाहीत? तर म्हणे, वयामुळे असेल असं वाटलं. (वय चौतीस.)

डॉक्टरांनी समजावलं की लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी एक दार असतं, ते त्या वेळी घट्ट मिटायला हवं. ते उघडं राहिलं की वीर्य पुढे यायच्या ऐवजी मागे पिशवीत जातं. दादाने विचारलं, म्हणजे लॅच लागत नाही? डॉक्टर म्हणाले, तसंच समजा. तपासणी अशी की आधी लघवी करून यायची, मग एकट्याने ते, आणि त्यानंतरची लघवी बाटलीत घेऊन लगेच द्यायची. दादाने लाजेपोटी अर्धंच ऐकलं आणि सगळे देतात तशी सकाळची साधी लघवी दिली. रिपोर्टमध्ये साखर नाही, इन्फेक्शन नाही. आईने तो शेजारच्या काकूंना दाखवला आणि माझा मुलगा कसा शंभर नंबरी सोनं आहे ते सांगितलं. दुसऱ्यांदा मी कागदावर लिहूनच दिलं. बाटली शर्टाच्या आत धरून पळत निघालो तर वाटेत आपलं जुनं गिऱ्हाईक भेटलं, हे काय म्हणून विचारायला लागलं. मी घाबरून तेल म्हणालो. ते म्हणालं, थोडं आमच्या बिजागरीला दे की.

त्या लघवीत शुक्राणू सापडले वहिनी. भरपूर. तुमच्या एवढ्या तपासण्या झाल्या, इतक्या सुया टोचल्या, आणि दुखणं तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलेलं होतं. दादा जिन्यात बसून रडला. मला म्हणाला, "माझं काही बाहेर येत नाही ते तिला माहीत होतं रे. तिने आईला एका शब्दाने सांगितलं नाही."

मग डॉक्टरांनी चालू गोळ्या बघितल्या. मुतखड्याच्या वेळेपासून दादा रोज रात्री जी घेतो, तीच ते दार सैल सोडते म्हणे. ती बंद केली. नुसतं तेवढ्याने भागलं नाही तर दार आवळायला सर्दीच्या गोळीसारखी एक गोळी असते, आणि तेही नाही जमलं तर लघवीतून वेचून काढूनही मूल होऊ शकतं. पण तशी वेळ आली नाही. सहा आठवड्यांनी तपासलं, सगळं पुढच्या दाराने. दादाने आईला स्वतः सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने तुमचं कपाट पुसून घेतलं. दादा रविवारी तुम्हाला न्यायला येईल. दारात नुसता उभा राहिला तर रागावू नका, शब्द जुळवत असेल.

तुमचा,
धाकटा

ता. क. वरचं सगळं दादाला विचारून लिहिलंय. खालचं त्याला माहीत नाही.

ता. क. खडा झाला तेव्हा औषधं आणायला मी गेलो होतो. चौदा वर्षांचा होतो. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी सांगितलं होतं की ही गोळी महिनाभरच, खडा पडला की बंद. लघवीचं औषध म्हणून रांगेतल्या पोरी हसत होत्या, मला कधी एकदा पळतोय असं झालं. घरी येऊन तुमच्या हातात पुडी दिली आणि रोज रात्री एक, एवढंच म्हणालो. पुढे दर महिन्याला त्याच चिठ्ठीवर मीच आणत गेलो. तुम्ही एक दिवस चुकवला नाहीत, पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवायचात. तेव्हा आपल्या हातून झालं असं मनात आणू नका. हात तुमचा होता, चूक माझी.

ता. क. दादाला तोंडाने सांगायला मी रोज दुकानात जातो आणि रोज किल्ल्या घासून परत येतो. तुम्ही रविवारी या किंवा नका येऊ, ते मी कोणत्या तोंडाने सांगू. फक्त हे पत्र वाचून झालं की त्याला पाठवा. सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलंय. पत्ता दुकानाचा घातलाय, घरी आलेली पत्रं आई फोडते.