मुखवट्याच्या चोरीतले दोन महालिंगप्पा

परंडा, रविवार

तीर्थस्वरूप रुद्रम्मा आक्का यांना धाकट्या शांतम्माचे शरणु शरणार्थी. तुमच्या गुडघ्याला तेलाचा गुण आला का ते कळवा. (आला नसला तर तेलाला दोष देऊ नका. चोळल्या चोळल्या तुम्ही गच्चीवर जाता, हे तुमच्या अमरनाथनं सांगितलंय.) माझं बरं आहे. साखर थोडी वर, नजर थोडी खाली. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून कागद घेतला.

आपल्या वाडीच्या महादेवाचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला, त्याला आता चौदा वर्षं झाली. सरकारी खात्याचा साहेब म्हणून एक माणूस आला, गळ्यात ओळखपत्र, हातात टेप. देवाची मापं घेऊन गेला आणि पुढच्या खेपेला खरा मुखवटा काढून तसलाच खोटा बसवून गेला. तुम्हाला हे माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुम्ही सांगताना दर वेळी त्यात घोडे आणि दरोडेखोर घालता. तर ह्या चोरीवर आता एकाच महिन्यात दोन गोष्टी टीव्हीवर आल्यात. एक डॉक्युमेंटरी, म्हणजे त्यात घडलेली माणसं स्वतः बोलतात. दुसरी मालिका, आठ भागांची, त्यात नट बोलतात. डॉक्युमेंटरीवाले तीन वर्षांपूर्वी आपल्या घरी आले होते, तेव्हा हे होते. चोर ह्यांनी धरला म्हणून ह्यांना खुर्चीत बसवून दुपारभर बोलायला लावलं आणि मला स्वयंपाकघरात कोंडलं, का तर भांड्यांचा आवाज येतो. त्यानंतर दीड वर्षानं हे गेले.

सुट्टीला शिवप्रिया आणि जावई आले, आणि घरात दोन तट पडले. उमाशंकररावांना मालिका बघायची होती. शिवप्रिया म्हणाली, "आई, डॉक्युमेंटरीत अप्पा आहेत." मी म्हणाले, मालिका लावा. पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. पण आक्का, तुम्हाला म्हणून सांगते, मला भीती वाटली. ह्यांच्या फोटोला मी रोज विभूती लावते. फोटो गप्प असतो. बोलणारा माणूस समोर आला तर काय करायचं, ते मला सुचेना. नट परका, त्याची काय भीती.

मालिकेतले महालिंगप्पा सहा फूट उंच आहेत. (हे कॅलेंडर टांगायला स्टुलावर चढायचे.) कापडाचं दुकान वाऱ्यावर सोडून पिस्तूल घेऊन फिरतात. दुसऱ्या भागात त्यांनी सिगारेट पेटवली, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. गळ्यात इष्टलिंग आणि तोंडात सिगारेट. चौथ्या भागात किल्ल्याच्या तटावरून चोराच्या मागं पळतात, खंदकात उडी टाकतात आणि वर येतात तेव्हा केसांचा भांग जागच्या जागी. माझं नाव कठीण पडलं म्हणे, म्हणून तिथं काजल ठेवलंय. ती दारात उभी राहून "जाऊ नका" म्हणत रडते. मी ह्यांना "जा एकदाचे" म्हणाले होते.

शेजारच्या विठाबाईंना मात्र मालिका फार आवडली. "भावजी इतकं पळत व्हते, आन् तुमी कधी बोल्ला न्हाय," म्हणाल्या. मी हसून सोडून दिलं. पण गेल्या आठवड्यात बाजारात एका बाईनं विचारलं, तुमच्या मालकांनी चोर कसा धरला, आणि मी सांगायला तोंड उघडलं तर माझ्या डोळ्यांपुढं तो नटच आला. मी आठवायला लागले तसतसं ह्यांचं नाक, ह्यांचं बोलणं सरकत चाललं. मेथीची जुडी तिथंच विसरून घरी आले आणि शिवप्रियेला म्हणाले, "लाव तुझ्या अप्पांना."

आणि हे आले. निळा सदरा, मीच इस्त्री केलेला, एका बाजूची कॉलर वर. दोनदा खाकरले. चोरीचं विचारलं तर सुरुवात दुकान कुणी काढलं तिथपासून केली. मग जसं घडलं तसंच सांगितलं. कुर्डुवाडीच्या स्टँडवर तो मापं घेऊन गेलेला माणूस भजी खाताना दिसला. ह्यांनी चहावाल्याला हळूच पोलिसांना फोन करायला सांगितलं आणि स्वतः त्या चोराशेजारी जाऊन बसले. गाव कुठलं, लेकरं किती, थोरलीचं जमलं का, पाव्हणे कुठले, असं विचारत बसले. दोन तास. त्याची एक गाडी गेली, दुसरी गेली, पण ह्यांचं बोलणं तुटेना. पोलीस आले तेव्हा तोच म्हणाला, "न्या बाबा मला लवकर." उमाशंकररावांना हसून ठसका लागला. मीही हसले. असाच होता माझा माणूस, आक्का.

मग त्या विचारणाऱ्या मुलीनं विचारलं, मुखवटा खोटा आहे हे तुम्हाला कळलं कसं? गावानं हे इतकी वर्षं विचारलं आणि हे नुसती मान हलवायचे, म्हणून सगळे ह्यांनाच शहाणे समजले. मी कुठं बोलले नाही. (तुम्हाला बोलले होते, पण तुम्ही म्हणालात, बाईनं मिरवू नये.) दर सोमवारी मुखवटा चिंचेनं घासायचे ते मी. डाव्या कानामागचा पोचा त्या दिवशी बोटाला लागला नाही, आणि घरी येऊन मीच म्हणाले होते, "हा देव आपला न्हाय."

हे दाराकडं एकदा बघून म्हणाले, "मला कुठलं कळतंय? आमच्या मंडळींच्या बोटाला कळलं. चोरी तिनं धरली, मी फकस्त चोराला बोलत बसवलं. इतकी वर्सं लोकांनी मला मान दिला आन् मी घेतला, ते काय बरं केलं न्हाय. ती आत हाय, तिला ऐकू येत न्हाय, म्हणून सांगतोय."

त्या दिवशी दहा पावलांवर होते मी, पण नुसता आवाज यायचा, शब्द कळत नव्हते. भांड्यांजवळ हात बांधून बसले होते, आणि मनातल्या मनात म्हणत होते, किती बोलतोय हा माणूस. शिवप्रियेनं माझा हात धरला. मी तो सोडवून आत गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली. ते नाक, ते बोलणं, सगळं जागेवर आलंय आता. गावानं मालिका बघावी, माझी तक्रार नाही.

भाऊजींना शरणार्थी सांगा. तेल लावल्यावर तासभर तरी बसत जा.

तुमची धाकटी,
शांतम्मा

ता. क. : तुम्ही मिरवू नये म्हणाला होता त्याचा राग नाही. थोडा होता, हे लिहिताना गेला.

ता. क. दुसरा : डॉक्युमेंटरी महिनाअखेर टीव्हीवरनं काढणार आहेत म्हणे. अमरनाथ लग्नांचं शूटिंग कापून जोडतो ना, त्याला म्हणावं ह्यांचं बोलणं तेवढं काढून मावशीच्या फोनमध्ये घालून दे. तो म्हणेल, इथूनच पाठवतो. त्याला सांगा, मावशीच्या फोनवर तसं येत नाही, परंड्याला जावं लागतंय. आणि त्याच्या गाडीत तुम्ही बसा, आठ दिवसांची लुगडी घेऊन. शिवप्रिया गुरुवारी गेली, घर लई गप झालंय. (फोनवर येतं, मला माहीत आहे. त्याला सांगू नका.)