मागून आलेली हाक

आई, त्या दिवशी मी शाळेला निघाले आणि डबा ओट्यावरच राहिला. तुझ्या लक्षात आलं तोवर मी फाटकाबाहेर पडले होते. दुसऱ्या कुणीही हाक मारली असती. तू मात्र मागच्या बोळातून, कणकेच्या हातांनी, वळसा घालून धापा टाकत आलीस आणि माझ्या पुढ्यात उभी राहिलीस. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हा तुझा नेम. शाळेत सिस्टरना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ही अंधश्रद्धा आहे, बाळ. घरी येऊन मी तुला तेच ऐकवलं. कढईवरची नजर न काढता तू म्हणालीस, "बरं. उद्यापासून त्यांच्या देवदूताला सांग डबा पोचवायला."

तू गेलीस तेव्हा मी जेवढी होते, तेवढी आता माझी लेक झाली आहे. मी अमेरिकेत, रेडमंडला राहते आणि उद्या फ्रान्सला, लिऑनला निघाले आहे. आयुष्यभर नद्यांच्या गाळावर काम केलं. लिऑनमध्ये दोन नद्या मिळतात, आणि तिथल्या परिषदेत मला निबंध वाचायला बोलावलंय. निवृत्तीआधीचा हा शेवटचा. अडचण एकच, माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डॉक्टर म्हणाले, जाऊन या, पण आल्यावर ऑपरेशन लांबवू नका.

तिकीट काढल्यापासून तू मला हाका मारते आहेस. गराजमध्ये गाडीचं दार उघडताना, कॉलेजच्या पार्किंगमध्ये छत्री सावरताना. मागून, घरातल्या नावानं. त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. मी वळते, तर नुसत्या ओल्या गाड्या. तुझी भीती कशी वाटेल मला? भीती वाटते ती याची, की जन्मभर जिनं कुणाला मागून अडवलं नाही, तिला आता अडवावंसं का वाटलं असेल.

काल लेक बॅग भरायला आली होती. साडीची घडी घालता घालता मी एकदम मान वळवली, ते तिनं पाहिलं. "काय झालं, मम्मा?" "काही नाही. आजी आठवली." "मग कॅन्सल कर ना. झूमवर प्रेझेंट कर, सीरियसली." "झूमवर नदी दिसत नाही गं." "यू आर इम्पॉसिबल," म्हणत तिनं माझ्या गोळ्या हँडबॅगेत अगदी वर ठेवल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऑपरेशनची डेट घेतलीयस ना? मग जा." मी हो म्हणून मान हलवली.

मी जाणार आहे, आई. अडवायचंच असेल, तर पुढ्यात ये.

तरी सांगून ठेवते. तुझी नथ लेकीला. ती घालणार नाही, पण कधीतरी डबीतून काढून हातात धरेल. गाळाच्या बाटल्या माझ्या विद्यार्थिनीला, माझं अक्षर फक्त तिलाच लागतं. पितळी परात शेजारच्या काकूंना. दर गणपतीत त्या ती मागून नेतात, आता परत आणायची दगदग नको. हे पत्र मात्र कुणालाच नाही, जाण्याआधी फाडून टाकेन. लेकीच्या हाती पडलं तर तिला कळेल, की ऑपरेशनची तारीख मी अजून घेतलेलीच नाही.