उम्म सुक्करचा भागाकार

हेलिओपोलिस, कैरो
रविवार दुपार

प्रिय ओदेत,

शाळेत आपल्या गणिताच्या नन, मेर क्लोतील्द, फळ्यावर मोठा गुणाकार करत होत्या आणि हातचे तीन मिळवायला विसरल्या, ती दुपार तुला आठवते का? (मे महिना, खिडक्यांच्या झडपा लावलेल्या, तू माझ्या शेजारी, तुझा एक मोजा घोट्यावर घसरलेला.) चूक आधी आपल्या दोघींना दिसली, मग पुढच्या बाकाला, मग साऱ्या वर्गाला. आणि कोणी बोललं नाही. त्या आपल्या ऐटीत, खडू करकरवत, एकेक ओळ खाली येत गेल्या, आणि आपण सगळ्या श्वास धरून बसलो. शेवटी मागून कोणाला तरी उचकीसारखं हसू फुटलं आणि वर्गाला शिक्षा झाली. घरी जाताना ट्रॅममध्ये तू म्हणालीस, गणित इतकं मजेचं असतं हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी याहून जास्त काही घडलं नाही. पण माझी सगळी हयात, आणि आता तिचा झालेला सत्यानाश, त्या विसरलेल्या हातच्यावर उभा आहे असं मला अलीकडे वाटतं.

तू कशी आहेस? फुआदची साखर आटोक्यात आहे ना? माँट्रियालचं बर्फ वितळलं का, की अजून तुम्ही फावड्याने दार शोधताय? नातवंडांना माझे खूप खूप पापे. (धाकटीचे दात आले असतील एव्हाना. तू पाठवलेल्या फोटोत ती हुबेहूब तुझ्या आईसारखी हसते, आणि तुझ्या आईलाही शेवटी शेवटी दात नव्हतेच.) माझं म्हणशील तर देवाची कृपा आहे. गुडघे सोडले, रक्तदाब सोडला आणि नोकरी सोडली, तर बाकी सगळं ठीक आहे.

नोकरीचंच सांगायचं आहे, पण कुठून सुरुवात करू? तुला माहीत आहे, इतकी वर्षं मी आमच्या वाहिनीसाठी मुलांची गाणी लिहिली. दात घासा, रस्ता नीट ओलांडा, आजोबांचा हात धरा. एकाही मुलाने ती गाणी ऐकून दात घासल्याचं मला माहीत नाही. मग मागच्या हिवाळ्यात वरून हुकूम आला, की मुलं गणितात नापास होतायत, तेव्हा गणित शिकवणारा विनोदी कार्यक्रम करा. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी टॅक्सीवाल्याशी भाडं न ठरवताच बसले. (उतरताना भोगलं.) कारण गणिताचा विनोद कशाने होतो हे मला त्या मे महिन्यापासून ठाऊक होतं. त्यासाठी नाचणारे आकडे लागत नाहीत, टोप्या घातलेले त्रिकोण लागत नाहीत. आकडे अगदी गंभीर ठेवायचे, न्यायाधीशासारखे, आणि माणसं मात्र घरातल्यासारखी वेडी. आणि चूक मोठ्यांनी करायची, मुलांना ती आधी दिसली पाहिजे. घरात दिवसभर ज्याला सगळे चुका दाखवतात, त्या पोराला अर्धा तास तरी दुसऱ्याची चूक दाखवू दे.

म्हणून मी दोन मुख्य बाहुल्या केल्या. एक उस्ताद तुर्मुस, चष्मा लावणारं गाढव, ज्याचं उत्तर कधी चुकत नाही आणि ज्याचं कोणी ऐकत नाही. दुसरी उम्म सुक्कर, गल्लीतल्या कुठल्याही आईसारखी आई. तिचा आवाज द्यायला मी सित्त बहीजाला बोलावलं. (तीच ती, जिला तरुणपणी सिनेमात नेहमी नायिकेची मैत्रीण करायचे आणि दुसऱ्या गाण्यानंतर जिचं लग्न लावून देऊन मोकळे व्हायचे.) आता ती थकली आहे, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर एका संताला आणि एका शेखला हाक मारते, पण पडद्यामागे हातात बाहुली आली की विशीतली होते.

पहिला भाग भागाकाराचा. मी लिहिलेलं अगदी सरळ होतं. उम्म सुक्करकडे तीन पाहुणे येतात, दोन शेजारी आणि तुर्मुस. ताटात बसबूसाच्या बारा वड्या, रव्याच्या, पाकात मुरलेल्या. बारा भागिले तीन, प्रत्येकी चार, टाळ्या. मुलं म्हणून कर्मचाऱ्यांचीच पोरं समोर बसवली होती. बहीजाने पहिल्या शेजाऱ्यापुढे ताट धरलं, आणि त्या शेजाऱ्याची बाहुली चालवणारा हमदी, साधा सरळ माणूस, त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, की नको, खरंच नको, आत्ताच जेवून आलोय. संहितेत हे नव्हतं. पण ओदेत, तूच सांग, पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणारा माणूस आपल्या देशात तू पाहिलास का? बहीजाने शपथ घातली. त्याने उलट शपथ घातली. तिसऱ्या खेपेला त्याने चार घेतल्या, तेव्हा तिने पाचवी वर ठेवली, माझ्यासाठी म्हणून, आणि सहावी, तुझ्या दिवंगत वडिलांसाठी म्हणून. तुर्मुसने खूर आपटून सांगितलं की हिशेब बिघडला. तिने दोन परत उचलल्या, तर तो शेजारी रुसून दाराकडे निघाला. त्याला आणायला दुसरा शेजारी गेला, तो स्वतःचा वाटा त्याला देऊन आला. गाढवाने कान खाली पाडले. पोरं हसून हसून एकमेकांवर कलंडत होती आणि ओरडून आकडे सांगत होती, बरोबर आकडे, ओदेत, तीच पोरं जी शाळेत नापास होतात.

शेवटी कशीबशी चार-चारची वाटणी जमली. मी हात वर करून थांबा म्हणणार, इतक्यात समोरून दोन-तीन पोरी एकदम ओरडल्या, की खाला, तुला कुठे मिळाली?

आणि बहीजा, जिने ही ओळ कुठेही वाचली नव्हती, ती म्हणाली, "मला कशाला मोजता गं? मी तर उभीच आहे."

मग तुर्मुस पुढे आला, त्याने सगळ्यांच्या वड्या ताटात परत घेतल्या आणि म्हणाला, "उम्म सुक्कर, बसा. आपण चार जण आहोत." बारा भागिले चार. पोरांनी तीन असं ओरडून सांगितलं तेव्हा छताची धूळ पडली. मी इतकी वर्षं टीव्हीत काढली, पण माझ्या कार्यक्रमात मी स्वतः रडले अशी ही पहिली वेळ. (गाण्यांच्या वेळी रडले होते, पण ते वेगळ्या कारणाने.)

आता समितीकडे येते. समिती तिघांची, आणि अध्यक्ष दुक्तूर शौकत, शिक्षणशास्त्राचे मोठे विद्वान, उन्हाळ्यातही जाकिटाची सगळी बटणं लावणारे. त्यांनी भाग पाहिला. कोणाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. दिवे लागल्यावर दुक्तूर म्हणाले, की गाढव गणित शिकवतं म्हणजे शिक्षकांचा अपमान. दुसऱ्यांनी सांगितलं, की जेवलो नसताना जेवलो म्हणणं हे खोटं बोलणं आहे आणि ते मुलांसमोर नको. तिसऱ्यांनी विचारलं, आईला भागाकार येत नाही असं दाखवून आपण देशातल्या मातांना काय संदेश देतो? मी म्हणाले, भागाकार तिला येतो, ती फक्त स्वतःला धरत नाही. दुक्तूर म्हणाले, "म्हणजे चूकच ना, मादाम? आणि चूक आपण प्रसारित करत नसतो."

बहीजाने त्यांच्यासाठी घरून खरी बसबूसा करून पाठवली होती. मी फिरवली. तिघांनीही आधी नको म्हटलं, आत्ताच नाश्ता झालाय म्हटलं, शपथा झाल्या, मग घेतली, आणि ताटात उरलेल्या शेवटच्या वडीला कोणीही हात लावेना, ती सभा संपेपर्यंत तिथेच सुकत राहिली. त्या तिघांपैकी एकालाही त्यात काही ओळखीचं दिसलं नाही. मी खुर्चीवर बसले तेव्हा कळलं की माझ्या हातात बशीच नव्हती. मी कोणाला तरी हे सांगायला वळले, पण सांगण्यासारखं तिथे कोणी नव्हतं.

निकाल असा. गाढवाच्या जागी टाय लावलेला तरुण इंजिनियर. उम्म सुक्कर रद्द. बसबूसाऐवजी काड्यापेट्या, कारण काड्यापेटीला कोणी नको म्हणत नाही. नवा भाग परवा चित्रित झाला. इंजिनियर बारा काड्यापेट्यांच्या तीन रांगा लावतो आणि प्रत्येक रांग छडीने दाखवतो. तीच पोरं समोर होती. त्यांतली एक झोपली, दोघं एकमेकांच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. तोच भाग उद्या, सोमवारी, लागणार. जुन्या भागाची टेप गुरुवारी पुसली जाईल, कारण टेपांची टंचाई आहे आणि त्यावर कालव्यांच्या स्वच्छतेवरचं भाषण घ्यायचं आहे. मी बहीजाला सांगायला तिच्या घरी गेले. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, "घरात कोणी धरलं नाही, आता टीव्हीनेही वगळलं. असू दे हबीबती, सवय आहे. जेवून जा." मी म्हटलं, आत्ताच जेवून आले. मग आम्ही दोघी जेवलो.

तर ओदेत, मी राजीनामा दिला आहे. मुलांना हसवण्याची माझी विद्या संपली, किंवा तिला आता जागा उरली नाही, दोन्ही एकच. इथे उकाडा सुरू झालाय, आंबे अजून आंबट आहेत, आणि मला कशातच राम वाटत नाही. फुआदला सलाम.

तुझी,
इन्शिराह

ता. क. राजीनामा दिला असं वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. तो लिहून झालाय, पर्समध्ये आहे, पण घाम लागून शाई पसरली, तेव्हा पुन्हा लिहावा लागेल. गुडघ्यांमुळे घाई होत नाही.

ता. क. २. हे पत्र लिहिण्याचं खरं कारण आता सांगते, तू रागावू नकोस. काल संध्याकाळी सगळे गेल्यावर दुक्तूर शौकत माझ्या टेबलापाशी आले. बराच वेळ माझ्या पंख्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, की त्या रद्द झालेल्या भागाची एखादी प्रत मिळेल का. मी विचारलं, कशासाठी. त्यांची मुलगी तुमच्याच माँट्रियालला असते, तिची पोर सात वर्षांची आहे. दर शुक्रवारी फोन करतात. पोर आजोबांना "सलाम, जिद्दू" म्हणते आणि मग दोन्हीकडे शांतता. "आमच्यात बोलायलाच काही नसतं, मादाम. त्या गाढवाबद्दल तरी ती मला विचारेल." मला त्यांच्या बटणांसकट त्यांची इतकी दया आली की मी रागवायचं विसरून गेले. सोमवारी मात्र काड्यापेट्याच लागणार. त्यात बदल होणार का असं मी विचारलं, तर त्यांनी नाही अशी मान हलवली आणि पंख्याकडे पाहिलं. टेप पुसली जाण्याआधीच, आज सकाळी, आमच्या संकलकाने गुपचूप दोन प्रती काढल्या. गुरुवारनंतर तो भाग जगात कुठे असेल तर तुझ्या हातात.

ता. क. ३. पार्सल माझ्या भाचीचा नवरा आणेल, उंच आहे, लाजाळू आहे, त्याला जेवू घाल. वरच्या थैलीत मुलुखियाची वाळवलेली पानं आहेत, ती तुला, आणि निम्मी सुनेला, ती मागणार नाही तरी. वेलदोड्याची कॉफी फुआदला, पण डॉक्टरांकडे जाऊन आल्यानंतर. निळ्या कागदातली कॅसेट तुझ्या नातवंडांना. ती कुठे हसली ते मला लिही, हसली का ते नको. नसतील हसली तर बर्फाबद्दल लिही, मी समजेन. तपकिरी कागदातली दुक्तूरांच्या मुलीला, मादाम हाला शौकत यांना, पत्ता कागदावरच आहे. त्यावर दुक्तूरांनी स्वतःच्या हाताने "अभ्यास-साहित्य, भागाकार" असं लिहून शिक्का मारलाय, तो फाडू नकोस. शुक्रवारच्या आत पोचव.