नव्वदाव्या पानावरच्या चार ओळी

आणि राइडआउट बाई, "शेवट आधी वाचणाऱ्याचं मत आपलं वाचक मंडळ धरत नाही," हे तुम्ही हसत म्हणालात, पण गावच्या भरल्या हॉलमध्ये म्हणालात. ते मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. हे आधी नोंदवून मग कायद्याचं लिहितो.

मी गार्लंड कीपिंग, वय चोवीस, शाळा आठवीत सोडलेली, मूळ राहणार लिटल पिंचर्ड, न्यूफाउंडलंड. सध्या उत्तर मॅनिटोबात विजेच्या मनोऱ्यांवर चढायच्या कामाला आहे. सोमवारपासून नदीवरचे उंच मनोरे सुरू होतात. फोरमन म्हणाला, "ज्याने कागद केला नसेल त्याने करून टाकावा. मागाहून घरच्यांची भांडणं माझ्या फोनवर नकोत." म्हणून डोकं ठिकाणावर असताना, एक थेंबही न घेता, कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहितो. माझ्या पश्चात ते अमलात आणायचं काम थोरली बहीण एफी हिचं.

कलम १. धक्क्यावरची आजोबांची मासळीची शेड एफीला. तिच्यातला गंजका खिळासुद्धा चुलतभाऊ लिअँडरला जाऊ नये. भर दुकानात तो मला म्हणाला होता, "काय गार्लंड, अजून बायकांच्या गोष्टी वाचतोस? मग झगा कधी शिवतोस?" लोक हसले. मी दोन कादंबऱ्या जास्त घेतल्या.

कलम २. बँकेतली शिल्लक आईला. ती कशावर उडवली, हे तिला कोणी विचारायचं नाही.

कलम ३. माझ्या सदतीस कादंबऱ्या गावच्या वाचनालयाला. बहुतेक फाटलेल्या आहेत, त्याची मला लाज नाही. इथे छावणीत जाड कादंबरी आली की सोबत काम करणारा ओरेस्ट सुरीने तिचे तीन तुकडे करतो, म्हणजे तिघांना एकदम वाचता येते. ज्याची नोकरी जुनी त्याला पहिला तुकडा. मी सगळ्यांत नवा, त्यामुळे माझ्या वाट्याला कायम शेवट. नंतर अदलाबदल करून बाकीचं वाचतोच.

समासात पेन्सिलीने माझी मतं आहेत. त्यांना खोडरबर लागता कामा नये. खाणकामगारांच्या कादंबरीवर लिहिलंय : "या लेखकाने नट आवळायचा पाना कधी हातात धरलेला नाही. त्याची माणसं जेवताना आभाळाकडे बघतात. आम्ही ताटाकडे बघतो." प्राध्यापकाच्या कादंबरीत तो चारशे पानं खिडकीशी बसून राहतो. तिथे मी अकरा ठिकाणी "ऊठ की" असं लिहिलंय. पटत नसेल त्याने खाली आपलं मत लिहावं, पण माझं पुसू नये.

कलम ४. हे भांडणाचं. मोटेलवाल्या बाईची कादंबरी मंडळानेही वाचायला घेतली होती. तीस वर्षांचा संसार सोडून ती मोटेल चालवते. शेवटी नवऱ्याच्या दफनाला येते, रडत नाही, कबरीजवळ गाडीत बसून सँडविच खाते. तेवढा तुकडा वाचून मी मंडळाला पत्र धाडलं, "ही बाई दगड नाही. हिचं रडून झालंय." एफी सांगते, मला शाळेत शिकवलेल्या राइडआउट बाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, "पहिली दोनशे पानं न वाचता निकाल! पोरगं नेहमीसारखं वर्गात उशिरा आलं." मग सगळ्यांनी मिळून त्या बाईला दगड ठरवलं. एफी, तू तिथेच होतीस आणि चहा ढवळत बसलीस.

आता मी तिन्ही तुकडे वाचलेत. नव्वदाव्या पानावर चार ओळी आहेत. नवरा जेवायला हाका मारतोय आणि ती धुलाईच्या मशीनचा आवाज चालू असेपर्यंत रडून घेते. मशीन थांबतं, ती तोंड धुते, वाढायला जाते. तुम्ही अकरा जणींनी पुस्तक पुढून मागे वाचलंत आणि एकीलाही ते दिसलं नाही.

दिसणार कसं? आमचे वडील गेले तेव्हा आई रडली नाही, म्हणून त्याच हॉलमध्ये तुम्ही म्हणालात, "डोरकसला काळीज नाही." मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, खुर्च्या उचलत होतो. आमच्याकडे मशीन नव्हतं. आई शेडमध्ये जाऊन मासे कापायची आणि आतून कडी लावायची. सात वर्षं, वडील जिवंत असताना. मी दाराबाहेर असायचो. ती कादंबरी मला कोणत्या बाजूने वाचायची हे कोणी शिकवू नये.

कलम ५. कपाळाला बांधायचा वाचायचा दिवा आचारी रोदेलला ठेवणार होतो. तो म्हणाला, "अरे, साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. एक तर माझी सही घे, नाहीतर मला दिवा दे."

"मग काय करू?"

"आत्ताच दे की! त्यासाठी मरायची काय गरज?"

दिला. तो लावून त्याने कांदे चिरले. मी मात्र रोदेलच्या त्या बोलण्यावर अडलो. मी पडलो तरच माझं म्हणणं गावाने ऐकायचं, असं का?

कलम ६. म्हणून हे कलम माझ्या मरणावर अवलंबून नाही. एप्रिलच्या पहिल्या रविवारी दुपारी एफीने हॉल घ्यावा, उभं राहून ते नव्वदावं पान वाचावं आणि मग कलम चार, एक शब्द न गाळता. या वेळी चहा ढवळायचा नाही. आई पहिल्या रांगेत बसेल. तिला काही बोलायचं असेल तर बोलेल, नसेल तर नाही. राइडआउट बाईंनी जरूर यावं. मी जिवंत असलो तर उत्तर पोस्टाने घेईन.

साक्षीदार : ओरेस्ट हलुष्का (सही), रोदेल बांटोग (सही)
लिहून देणार : गार्लंड कीपिंग (सही)
ठिकाण : नदीकाठची छावणी, उत्तर मॅनिटोबा
तारीख : ९ मार्च २०२४

हॉलचं भाडं, चहा आणि केक यांसाठी सोबत पाठवत आहे : एकशे पंच्याऐंशी डॉलर.