आत्याच्या दारावरून समुद्राकडे

रायपूर, रविवार संध्याकाळ

एका आठवड्याच्या सुट्टीत बाबांना समुद्र दाखवायचा आणि कुणाला दुखवायचंही नाही, हे कसं जमवायचं? मला खरंच कळत नाही. सिलतऱ्याच्या कारखान्यातून त्यांना याहून जास्त सुट्टी मिळत नाही. घरात पदवीधर मी एकटी, म्हणून रत्नागिरीचा रस्ता ठरवायचं काम माझ्याकडे.

आईचं एकच, नागपूरला आत्याकडे मुक्काम हवाच.

"अगं, मग समुद्राला एकच दिवस उरते."

"उरू दे. दारावरून गाडी नेली तर ती वर्षभर बोलणार नाही."

बाबांनी होकारार्थी मान हलवली, नुसतं "हव" म्हणाले. त्यांचं ते हव मला टोचत राहिलं. आयुष्यभर हवच म्हणत आलेत. पण आत्याचं तरी काय चुकलं? एकटी असते, वाट बघते. तिनेही कुठे समुद्र पाहिलाय?

शेवटी मीच तिला फोन केला. सरळ सांगितलं, मुक्काम नाही करणार, पण गाडीत एक जागा आहे, बॅग भरून दारात उभी राहा.

"खरंच काय वं पोट्टे? पण मले गाडीत मळमळते. खिडकी लागंल."

माझी खिडकी तिला देऊन टाकली.