अमीरबीचा होकार

जळकोट, ४ मे २०२५

चि. बसवराज यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू बघतो ताई, बघतो म्हणून सुटतोस, म्हणून मुद्दाम पत्र लिहायलेय. याला उत्तर लिहावंच लागेल.

आमच्या अंगणवाडीमागं अमीरबी राहते, शिवणकाम करते. तू नांदेडला गेल्यावर आली, म्हणून ओळखत नसशील. तिची बहीण ऑक्टोबरात नांदेडच्या दवाखान्यात वारली. बहिणीची लेक उमैमा नऊ वर्षांची, बापाचा आधीपासूनच पत्ता नाही. दवाखान्यातून पोरीला सरळ बालगृहात नेलं. सात महिने झाले! सख्खी खाला, म्हणजे मावशी, इथं वाटेला डोळे लावून बसलीय आणि पोर तिथं परक्यात. विचारलं की प्रकरण बालकल्याण समितीपुढं आहे म्हणतात. आता म्हणे जूनअखेर तिला लांबच्या दुसऱ्या बालगृहात हलवणार. मग ही बाई कुठं कुठं हिंडेल? तू त्या समितीचं काम बघणाऱ्या ऑफिसातच आहेस. अशा लेकरांसाठीच नेमलंय ना तुला? मग काय करायलास तिथं?

पुनमला आशीर्वाद, बाळाला पापा. रागावले असले तरी ताईच आहे, हे विसरू नकोस.

मंजुश्री


नांदेड, १३ मे २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पुनम म्हणाली, पाकिटातून वाफ येतेय, जपून उघडा.

ताई, मी एकटा समाजसेवक, तोही कंत्राटी, आणि टेबलावर शंभरच्या वर लेकरांच्या फायली. खालाचं घर लातूर जिल्ह्यात, म्हणून घर पाहून अहवाल लातूरवाल्यांनी पाठवायचा असतो. तो आलेलाच नसणार. त्यांना आठवणपत्रं धाडून आमचे हात दुखले. तूच सांग, मी लातूरच्या माणसाला नांदेडहून हलवू कसा? पोरीची तब्येत बरी आहे. बघतो म्हणालो ते खोटं नव्हतं.

भावजींना नमस्कार. माया असू दे, वाफ जरा कमी कर.

बसवराज


जळकोट, २६ मे २०२५

चि. बसवराज, आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. रजा टाकली, उदगीरची एसटी धरली आणि तिथून लातूर गाठलं. समीक्षा नावाची मुलगी भेटली, तुझ्याच पदावरची. तिनं फेब्रुवारीत स्वतः येऊन अमीरबीचं घर पाहिलंय आणि अहवाल त्याच आठवड्यात नांदेडला पाठवलाय. मला जावक क्रमांकासकट दाखवला. घर नीटनेटकं, बाई कष्टाळू, शाळा जवळ, मुलगी देण्यास हरकत नाही, असं स्वच्छ लिहिलंय. आता बोल!

अमीरबीनं उमैमासाठी दोन फ्रॉक शिवून ठेवलेत. मापासाठी शेजारच्या मनतशाला उभं केलं होतं. एवढ्या महिन्यांत पोर वाढली असेल म्हणून परवा दोन्ही उसवून पुन्हा सैल शिवले. लई वाईट वाटलं रे बघून. फाईल उघड. शिपायाला सांगू नकोस, स्वतः वाच.

तोवर लाडात कमी झाली तर तक्रार ऐकणार नाही.

मंजुश्री


नांदेड, ५ जून २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

फाईल वाचली. लातूरचा अहवाल आतच आहे, मार्चपासून. अडलंय ते त्याच्या खालच्या कागदावर. डिसेंबरात अमीरबी समितीपुढं आली होती, त्या दिवसाचं टिपण. नातेवाईक महिला मुलीला नेण्यास ठामपणे इच्छुक दिसत नाही, असं त्यात लिहिलंय. ताई, अक्षर माझं आहे.

मला तो दिवस आठवला. तीनदा विचारलं, मुलगी नेणार का. तिन्ही वेळा ती पदर सावरून, खाली बघत म्हणाली की साहेबांची मर्जी. मोठ्या माणसापुढं आपणच हो ठोकून द्यायचा नसतो, ही आपल्याकडची रीत मला ठाऊक नव्हती का? आपली आई तरी डॉक्टरापुढं दुसरं काय म्हणायची? पण त्या दिवशी एकोणीस प्रकरणं होती आणि फॉर्मवर होय किंवा नाही एवढ्या दोनच चौकटी. मी नाहीवर खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं. पत्ता आपल्या जळकोटचा आहे, हेही पाहिलं नाही. लाज वाटते गं.

आमचे साहेब म्हणाले, कबूल कशाला करतोस, ऑफिसचं नाव जाईल. तरी चूक माझी आहे असं मी लिहून दिलंय. १८ जूनला पुन्हा सुनावणी आहे. नेमकं त्या दिवशी मला माहूरला कामावर पाठवायलेत. अमीरबीला म्हणावं, अदब घरी ठेव आणि मुलगी पाहिजे म्हणून मोठ्यानं सांग.

चिडायचं तेवढं चीड, पण मला तोडू नकोस.

बसवराज


जळकोट, २१ जून २०२५

चि. बसवराज, आशीर्वाद. वि. वि.

उमैमा घरी आली. आधी हेच लिहिते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

मी सोबत गेले होते. आठ दिवस अमीरबीची तालीम घेतली होती, मशीन चालवता चालवता पाठ करायची. तिथं गेल्यावर सगळं विसरली! विचारलं तर पुन्हा मान खाली. मग एकदम टेबलावर हात ठेवून म्हणाली की माझ्या बहिणीची लेक आहे, मी तिला न्यायलाच आलेय. त्याच दिवशी आदेश निघाला.

पण पोर खालाशी बोलत नाही रे. जेवते, सांगितलेलं ऐकते, फ्रॉक घालते, अमीरबीकडं मात्र बघतसुद्धा नाही. अमीरबी दाराआड रडते. शेवटी काल मी पोरीला जवळ घेऊन विचारलं. बालगृहातल्या कुणी बाईनं तिला हिवाळ्यातच सांगितलं होतं, तुझ्या खालाला तू नकोस, तसं फाईलमध्ये लिहिलंय. सहा महिने ती हेच मनात धरून बसली. मी किती समजावलं की खाला असं बोललीच नाही. तर मला विचारते, मग कोण बोललं?

मी काय सांगू तिला? पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं निघ. त्या पोरीसमोर बस आणि तुझ्या तोंडानं सांग. आशीर्वाद आहेतच, पण यावेळी पत्र पाठवू नकोस. ये.

मंजुश्री